फ्रीजरच्या झाकणाखालचं कोल्हापूर

पुण्याचे पाहुणे देवीच्या दर्शनाला येतात आणि गाडी लावायला जागा शोधता शोधता मला फोन करतात. "दिनकरराव, तुमचं तर सगळ्या हॉटेलांत जाणं-येणं. खरंखुरं ऑथेंटिक मटण कुठं मिळेल हो?"

मी त्यांना सांगतो, गाडी आधी नीट लावा, मग विचारा. कारण या प्रश्नाचं उत्तर कोल्हापुरात सगळ्यांकडं आहे. रिक्षावाल्याकडं आहे, पानवाल्याकडं आहे, जन्मात मटण न खाल्लेल्या माणसाकडंसुद्धा आहे. फक्त माझ्याकडं नाही. मी हॉटेलांचे फ्रीज आणि डीप फ्रीजर दुरुस्त करतो. लोक हॉटेल पुढच्या दारानं बघतात, मी मागच्या दारानं. जेवणाऱ्याला मेनूकार्ड देतात, मला टॉर्च लागतो. एकोणतीस वर्षं मी झाकणं उघडून आत बघत आलोय, आणि त्यामुळं ऑथेंटिक हा शब्द कानावर पडला की मला आधी हसू येतं.

माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वडील कबनूरला यंत्रमागावर कामाला होते. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, पण मला त्यांनी कोल्हापूरला शिकायला ठेवलं. मी बी.एस्सी. झालो, विषय पदार्थविज्ञान. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. नोकरी काही वाट बघत बसली नव्हती, म्हणून रेफ्रिजरेशनचा कोर्स केला आणि स्वतःचं दुकान टाकलं. बोर्डावर नावापुढं 'बी.एस्सी.' लिहिलं. पेंटर म्हणाला, "फ्रीज रिपेरीला बीएस्सी कशाला लिवालाईसा?" मी म्हटलं, लिही. बापानं कान दिलेत त्यासाठी. तेव्हापासून बाजारात माझं नाव 'बीएस्सी मेस्त्री.' कुणी टिंगलीनं म्हणतं, कुणी मानानं. मी दोन्ही वेळा मानानंच घेतो.

आता धंदा म्हणजे काय ते थोडक्यात. फ्रीज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलायची आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम. हमालच तो. त्याला बाहेर टाकायला जागा ठेवली नाही की तो धापा टाकत मरतो. निम्मी दुरुस्ती मी यंत्राची करत नाही, यंत्रामागं रचलेली कांद्याची पोती हलवतो. दुसरी गोष्ट झाकणाचं रबर. वर्तमानपत्राची पट्टी झाकणात धरायची आणि ओढायची. सहज निघाली तर रबर गेलं. हे मी एका हॉटेलवाल्याला दाखवत होतो, तर पट्टीवर त्याच्याच हॉटेलची जाहिरात निघाली, 'रोज ताजे, रोज गरम.' पट्टी सहज निघाली.

मी शिकायला आलो तेव्हा कोल्हापुरात जेवायचं म्हणजे खानावळीत. खोलीत चार बाकडी, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, आत चूल. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. बाकीच्या दिवशी झुणका, आमटी, जे असेल ते. मेनूकार्ड नव्हतं कारण निवड नव्हती. मटणाचं ताट, तांबडा आणि पांढरा रस्सा मागाल तेवढा. वाढणारा बादली घेऊन फिरायचा आणि नको म्हटलं तर त्याला राग यायचा. दोन वाजता मटण संपायचं, दाराला फळी लागायची, विषय संपला.

मग फॅमिली हॉल आले, मग एसी आला, मग छतावरची हॉटेलं आली. तिथं वाऱ्यानं पापड उडतो आणि त्याला 'ॲम्बियन्स' म्हणतात. त्यानंतर आली हायवेवरची गावरान हॉटेलं. ही माझी सगळ्यात लाडकी गिऱ्हाइकं. शहरातला माणूस खेड्यातून पळून शहरात आला, फ्लॅट घेतला, आणि आता रविवारी गाडी काढून सिमेंटचं खेडं बघायला जातो. दारात बैलगाडी, जिला बैल कधी जुंपला नाही. वाढणाऱ्या पोरांच्या डोक्याला रेडिमेड फेटे. भिंतीला शेणाच्या रंगाचा ऑइलपेंट.

अशाच एका हॉटेलातून मला तीनदा फोन आला, कॉम्प्रेसर जळाला म्हणून. मालक गळ्यात जाड साखळी घातलेले गृहस्थ. फ्रीजर होता कुठं, तर 'माजघर' अशी पाटी लावलेल्या खोलीत, चारी बाजूंनी बंद. खिडकी नाही, झरोका नाही.

"मालक, हा गुदमरतोय. भिंतीला भोक पाडा."

"अहो मेस्त्री, बोर्ड वाचलाय का दारातला? 'आमच्याकडे फ्रीज नाही.' भोकातनं गिऱ्हाइकाला फ्रीज दिसला तर?"

"मग गरम हवा काढायची कुठनं?"

मालकांनी वर बघितलं. छपरावर शोभेचं धुराडं होतं, खाली चूल नसलेलं. तिसऱ्या कॉम्प्रेसरनंतर मी फ्रीजरची गरम हवा पाइप टाकून त्या धुराड्यातून बाहेर काढली. थंडीच्या दिवसांत सकाळी तिथून वाफ निघते. लोक खाली उभे राहून फोटो काढतात. 'चुलीवरचं मटण' म्हणून त्या धुराड्याचे फोटो मी स्वतः मोबाइलवर बघितलेत. माझ्या हातचं सर्वांत जास्त बघितलं गेलेलं काम तेच. पण कारागिराचं नाव कोण लिहितो?

दुसरं एक हॉटेल ताराबाई पार्काच्या बाजूला निघालं. तिथं आचारी नव्हता, शेफ होता. परदेशात शिकून आलेला, मुलगा चांगला, मशिनरीची निगा उत्तम. माझी पट्टी त्याच्या झाकणात फाटली पण निघाली नाही. असा माणूस मला आवडतो. उद्घाटनाला त्यानं मला जेवायला बोलावलं. शेजारच्या टेबलावर शिरोळकडचे एक ऊसवाले शेतकरी बसले होते, लेकानं आणलं होतं म्हणून आले होते. समोर पांढरा रस्सा आला, औषधाच्या पेल्याएवढ्या ग्लासात, वर फेस.

"ओ पावणं," त्यांनी वाढणाऱ्याला थांबवलं, "हे चाखायला दिलंय का जेवायला?"

"सर, हा आमचा टेस्टिंग पोर्शन. वरती नारळाचा फोम आहे."

"फेस हाय व्हय?" त्यांनी ग्लास उजेडात धरला. "आमच्यात मटणाला फेस आला की पळीनं काढून टाकत्यात. तुमी ठिवलाय?"

वाढणारा हसला, लेक लाजला. म्हाताऱ्यानं ग्लास एका घोटात संपवला आणि पुढं केला. "आन आता. चाखलं." तेव्हा त्यांना कळलं की पुढच्या ग्लासाला वेगळा आकार, म्हणजे वेगळे पैसे पडतात. कोल्हापुरात रश्श्याचा आकार! त्यांनी फेटा डोक्यावर ठेवला आणि उठले. मी मात्र बसून राहिलो आणि सगळं संपवलं. फुकट होतं. शिवाय जिभेच्या बाबतीत आपण कुणाला ऐकत नाही, सगळीकडचं खाऊन बघायचं आणि मग नावं ठेवायची, हे माझं तेव्हाचं तत्त्व होतं. फ्रीजरमधलं कुठलं आणि ताजं कुठलं ते मी एका घासात सांगतो, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथं येतो.

हौसाक्कांची खानावळ मंगळवार पेठेत. कॉलेजची तीन वर्षं मी तिथं महिनेवारीनं जेवलो. आक्का विधवा, पदरात एक मुलगा, प्रकाश. परीक्षेच्या दिवसांत त्या मला विचारायच्या, "दिनू, काय शिकालाईस रं एवडं?" मी उष्णतेचे नियम सांगायचो. त्या भाकरी थापत ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हे तर आमच्या चुलीला बी ठावं हाय." मी पास झालो त्या दिवशी त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना उठून सांगितलं की माझ्या भाकरीवर एक बीएस्सी झाला. माझ्या बापाच्या खालोखाल माझ्या पदवीचा अभिमान कुणाला असेल तर तो आक्कांना.

आक्कांची पद्धत ठरलेली. सकाळी रफीकभाई खाटीक स्वतः मटण घेऊन यायचे. त्यांच्या वडिलांपासून ते घर आक्कांना मटण देत आलेलं. आक्का बोटानं दाबून बघायच्या, कधी परत पाठवायच्या, आणि रफीकभाई पुटपुटत दुसरं आणायचे. एक हंडी शिजायची. ती संपली की संपलं.

पण हंडी बाकड्यांवर जायच्या आधी एक गोष्ट व्हायची. मटण हळद, मीठ, आलं-लसणावर शिजताना जे पाणी सुटतं त्याला आमच्यात अळणी म्हणतात. मसाला नाही, तिखट नाही. पांढऱ्या रश्श्याचा जीव तोच. आणि बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला, दात येणाऱ्या पोराला तेच देतात. सकाळी सात-साडेसातला गल्लीतली माणसं किटल्या घेऊन आक्कांच्या मागच्या दारात उभी राहायची. आक्का विचारायच्या, कुणासाठी? उत्तर ऐकायच्या आणि ओतायच्या. त्याचे पैसे नाहीत. कुणी द्यायला गेलं तर किटली रिकामी परत मिळायची.

पाचेक वर्षांपूर्वी मोबाइलवाल्यांना आक्कांचा शोध लागला. एका पोरानं हंडीत कॅमेरा घालून व्हिडिओ काढला आणि पुढच्या रविवारी गल्लीत चालायला जागा उरली नाही. दोनऐवजी साडेबाराला मटण संपायला लागलं. हुपरीचं एक कुटुंब, आजारी म्हाताऱ्याला घेऊन एसटीनं दोन रविवार आलं आणि दोन्ही रविवार उपाशी परत गेलं. ते आक्कांना लागलं.

प्रकाशनं मला बोलावलं. "काका, आईला तुम्हीच सांगा. माझं ऐकत न्हाई. डीप फ्रीजर घेऊया. मटण भरून ठेवलं तर माणूस परत जाणार न्हाई."

आक्का चुलीसमोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "शिळं ते शिळंच."

मी खुर्ची ओढली. भाजीवालीचा हिशेब लिहायची पाटी होती, तिच्यावर खडूनं आकृती काढली. उणे अठरा अंशाला पाणी कसं गोठतं, जंतू कसे वाढत नाहीत, सगळं. इतकं सुंदर व्याख्यान मी कॉलेजातही कधी ऐकलं नव्हतं.

"आक्का, उणे अठराला जंतू झोपत्यात."

"जंतू झोपत्यात. आनि चव? ती झोपती का मरती?"

"चव म्हंजे शेवटी रसायनच की आक्का. बंद डब्यात ते कुठं जाणार?"

त्यांनी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हुपरीचा म्हातारा दोनदा उपाशी गेला," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग, "मला ह्यातलं काय कळत न्हाय दिनू. तू शिकलेला हाईस. तू म्हंतोस तर आन."

मी आणला. सगळ्यात चांगला आणला, जाळीमागं हातभर मोकळी जागा ठेवून बसवला. प्रकाशनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. आक्कांनी झाकण उचलून आत हात घातला आणि विस्तवावरून काढावा तसा बाहेर काढला.

पुढचे दोन महिने माझे फार छान गेले. गर्दी वाढली, कुणी परत गेलं नाही. मटण आता आठवड्यातून दोनदा, एकगठ्ठा, बाहेरच्या मोठ्या व्यापाऱ्याकडून यायचं. रफीकभाई रस्त्यात भेटले तर मला नमस्कार करायचे आणि पुढं चालायला लागायचे. एकदा फक्त म्हणाले, "साहेब, आपन शिकलेले लोक हाय." ते कौतुक नव्हतं हे मला घरी गेल्यावर कळलं. मी दर बुधवारी, रविवारी तिथं जेवायचो. मिटक्या मारत जेवायचो. पांढरा रस्सा चार-चार वाट्या प्यायचो आणि प्रकाशला सांगायचो, "बग, म्हटलं नव्हतं?"

त्याच सुमारास माझी मुलगी मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी बायकोनं मला किटली दिली. "आक्कांकडनं अळणी आणा. पोरीला जेवण जाईना झालंय."

मी साडेसातला मागच्या दारात पोचलो. दारात एकही माणूस नव्हता. मला वाटलं, लवकर आलो. आत आक्का लसूण सोलत बसल्या होत्या. बाजूला मोठ्या परातीत मटणाची बर्फाळ ढेकळं वितळत पडली होती.

"आक्का, आजोबा झालो. किटली भरा."

त्यांचा चेहरा उजळला. पोरगी का पोरगा, वजन किती, कुणावर गेलीय, सगळं विचारलं. मग पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

"किटली, आक्का."

"न्हाय."

"म्हंजे? संपली?"

"संपली न्हाय. देनार न्हाय. दोन म्हैनं झालं, कुनालाच देत न्हाय." त्यांनी परातीकडं बोट दाखवलं. "हेचं पानी बाळंतिणीला घालू व्हय?"

प्रकाश आतून आला. "आई, दे की. एवढी गिऱ्हाइकं बोटं चाटून खात्यात. कुनाला काय झालंय का?"

"गिऱ्हाईक धडधाकट असतंय. पैसं टाकून खातंय, आवडलं न्हाय तर उद्या दुसरीकडं जाईल. बाळंतीन इश्वासावर पिती. तिला काय कळतंय, किटलीत काय घाटलंय?"

"काका, सांगा की हिला. शास्त्रात काय फरक हाय सांगा."

मी हातातल्या रिकाम्या किटलीकडं बघितलं. दोन महिने मागच्या दारातून माणसं रिकाम्या किटल्या घेऊन परत गेली होती, आणि मी पुढच्या दारानं जेवून ढेकर देत होतो.

आक्कांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "दिनू, एक खरं सांग. तू पंचवीस-तीस वर्सं माझ्या हातचं खालाईस. दोन म्हैनं हितं येतोस, चार-चार वाट्या पितोस. तुला कळलं हुतं का? चव बदलल्याली?"

हा प्रश्न सोपा नव्हता. 'कळलं होतं' म्हणावं, तर मग गप्प का बसलास? फ्रीजर तूच विकलास म्हणून? आणि 'नाही' म्हणावं, तर एका घासात सांगतो म्हणणाऱ्या माझ्या जिभेचं काय? पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती त्यांच्या डोळ्यांत दिसत होती. ही बाई जन्मभर पहाटे उठली, मटण दाबून बघून परत पाठवत राहिली, ते एका फरकासाठी. आणि त्यांना विचारायचं होतं की तो फरक होता का.

मी खोटं बोलणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या बाईनं माझ्या शब्दावर एकदा विश्वास ठेवलाच होता, आणि त्याचं काय झालं ते परातीत वितळत होतं.

"न्हाई आक्का," मी म्हटलं. "न्हाई कळलं."

प्रकाशनं "बघ!" म्हणावं असा तो क्षण होता. पण तो आईनं सोललेला लसूण गोळा करायला लागला. शहाणा आहे पोरगा.

मला वाटलं, आक्का आता रडतील. रडल्या नाहीत. पदराला हात पुसले.

"तुला न्हाय कळलं. गिऱ्हाइकाला न्हाय कळलं. ठीक हाय." त्या उठल्या. "मला कळतंय. बास झालं की."

मी म्हटलं, फ्रीजर आज उचलून नेतो. प्रकाश मात्र आडवा आला, आणि त्याचंही खोटं नव्हतं. "काका, आता चार मानसं कामाला ठिवलीत, त्येंनी कुटं जायचं? आनि आईनं किती वर्सं पहाटं उठायचं? तिचं गुडघं बघितलाईसा का?" मी गुडघे बघितले नव्हते. मी झाकणाचं रबर बघतो.

शेवटी आक्कांनीच निकाल दिला. पुढची हंडी प्रकाशची, फ्रीजर त्याचा, गिऱ्हाईक त्याचं. त्या हंडीला त्या हात लावणार नाहीत. मागं पडवीत त्यांची एक डिचकी, म्हणजे लहानसं पातेलं, वेगळ्या चुलीवर. तेवढ्यापुरतं मटण रफीकभाई सकाळी आणणार आणि त्या दाबून बघणार. त्यातली अळणी किटलीवाल्यांना. बाकी कुणाला नाही.

तिसऱ्या दिवशी माझी किटली भरली. मनीषा महिनाभर अळणी प्यायली. मी निरोप सांगितला की पोरगी आता पोटभर जेवते, तर आक्का म्हणाल्या, "तिला कळलं मग." मी मान खाली घालून किटली धुतली.

ज्या महिन्यात आक्कांनी पुढच्या हंडीतून हात काढला, त्याच महिन्यात पुढच्या बोर्डावर त्यांचा फोटो लागला. मोठा, रंगीत, नऊवारीतला. खाली लिहिलंय, 'आक्कांच्या हातची चव.' लोक त्या फोटोसोबत फोटो काढतात. मोबाइलवर लिहितात की अशी पारंपरिक चव आता कुठंच राहिली नाही. पुण्याचे पाहुणे मला फोन करून सांगतात, "दिनकरराव, तुम्ही सांगितलं नाहीत, पण आम्ही शोधून काढलंच!" मी अभिनंदन करतो. आणखी काय करणार? वर्षातून दोनदा मी त्या फ्रीजरची देखभाल करायला जातो. काम माझं आहे, चोख आहे, आजतागायत एकदाही बंद पडला नाही. या यंत्राबद्दल एक तक्रार आली असती तर मला बरं वाटलं असतं.

पडवीतली डिचकी मात्र मला मिळत नाही. आक्कांचा नियम कडक. बाळंतीण, आजारी, लहान पोर. गल्लीतल्या एका नगरसेवकानं "सहज चव बघायला" म्हणून किटली पाठवली, ती रिकामी परत गेली. मी तर काय, साधा फ्रीजवाला.

मागच्या थंडीत मला दोन दिवस कणकण होती. तिसऱ्या दिवशी उतरली होती, पण मनातून उतरली नव्हती. मी गळ्याला मफलर गुंडाळला, किटली घेतली आणि साडेसातला मागच्या दारात, दोन बाया आणि एका म्हाताऱ्याच्या मागं, ओळीत उभा राहिलो. माझी पाळी आली.

"कुनासाठी?" आक्कांनी वर न बघताच विचारलं.

"माझ्यासाठी. ताप हाय."

त्यांनी वर बघितलं. पळी बाजूला ठेवली, हात पदराला पुसला आणि माझ्या कपाळाला पालथा लावला. चांगला वेळ ठेवला. मागं एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, पोर खरंच तापानं लाल झालं होतं.

"गार हाईस की रं," आक्का म्हणाल्या. रागानं नाही. "सर बाजूला, तिला फुडं येऊ दे. आनि फुडच्या दारानं जा जेवायला दुपारी. प्रकाशला सांगते, ताट दील."

दुपारी मी पुढच्या दारानं गेलो. रांगेत उभा राहिलो, फोटोखाली जागा मिळाली. ताट आलं, पांढरा रस्सा आला. एक वाटी संपवली, वाढणाऱ्यानं न विचारता दुसरी ओतली.

चांगला होता.